१५×७० दुर्बीण: अनुस्वार की डाग?

मी मुद्रितशोधक आहे. कागदावर दिसणारा बारीक ठिपका हा अनुस्वार आहे की छपाईत उडालेला शाईचा डाग, हे ठरवण्यात माझा जन्म गेला. त्यामुळे दोन डोळ्यांची १५×७० दुर्बीण (१५ पट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ७० मिलिमीटरची) घेतली तेव्हा ती किती तारे दाखवते हा माझा प्रश्नच नव्हता. तिने दाखवलेल्या ठिपक्यावर विश्वास ठेवता येतो का, एवढंच मला बघायचं होतं. दोन महिने बघितलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच साच्यातल्या दुर्बिणी वेगवेगळ्या नावांचे शिक्के मारून विकल्या जातात आणि तुमच्या हाती येईल तिच्यावरचं नाव बहुधा वेगळंच असेल.

पहिली पेटी उघडली आणि व्याध दोन दिसले. एकावर एक, मधे बोटभर अंतर ठेवून. दोन्ही नळ्या एका रेषेत नव्हत्या. प्रवासातल्या आदळआपटीत आतले लोलक सरकतात, आणि हलक्या बांधणीच्या मोठ्या दुर्बिणींना हा आजार फार. तपासायची रीत सोपी आहे: तेजस्वी तारा मधोमध घ्यायचा आणि उजव्या डोळ्याचा फोकस पार बिघडवायचा. एका डोळ्याला ठिपका दिसतो, दुसऱ्याला प्रकाशाची चकती. ठिपका चकतीच्या आत बसला तर ठीक. माझा चकतीच्या खाली लोंबत होता. डावी-उजवीकडची थोडी चूक डोळे सांभाळून घेतात, वर-खालची घेत नाहीत. अर्ध्या तासात डोकं ठणकायला लागतं. रबराखालचे स्क्रू पिळून हे जुळवता येतं म्हणतात, पण नव्या वस्तूला हात लावायची हिंमत झाली नाही. विक्रेत्याने खळखळ न करता बदलून दिली. दुसरी सरळ निघाली.

मग टॉर्चची तपासणी. अंधाऱ्या खोलीत, डोळा लावायच्या बाजूने नळीत टॉर्च मारायचा आणि पुढच्या भिंगातून भिंतीवर पडणारं प्रकाशाचं वर्तुळ पट्टीने मोजायचं. ७० मिलिमीटर यायला हवं. आलं ६३. दोनदा मोजलं, तरी ६३. पुढचं भिंग ७०चंच आहे, त्यात खोट नाही. पण आतले लोलक लहान असल्यामुळे कडेचा प्रकाश आतल्या आतच अडतो. आकड्याचा फरक लहान दिसतो, पण प्रकाश क्षेत्रफळावर ठरतो, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा गेला. या वर्गातल्या स्वस्त दुर्बिणींमध्ये हे सर्रास असतं. तरीही ६३ मिलिमीटर म्हणजे अंधारात पूर्ण उघडलेल्या ७ मिलिमीटरच्या डोळ्याच्या बाहुलीच्या ८१ पट प्रकाश गोळा होतो. म्हणून रुसून बसले नाही. खोक्यावरचा ७० मात्र पेन्सिलीने खोडला.

दुर्बिणीची परीक्षा चंद्रावर घेऊ नये. चंद्र कुठल्याही भिंगातून छान दिसतो आणि माणूस लगेच पाच तारे देऊन मोकळा होतो. मी निवडला एनजीसी २२९८ (एनजीसी ही आकाशातल्या पुसट वस्तूंची एक यादी): दक्षिणेकडच्या पपिस तारकासमूहातला गोलाकार तारकागुच्छ, म्हणजे ताऱ्यांचा दाट गोळा. आकाशाच्या नकाशावरचा त्याचा पत्ता, पृथ्वीवरच्या रेखांश-अक्षांशासारखा: विषुवांश ६ तास ४९ मिनिटं, क्रांती उणे ३६ अंश. प्रत, म्हणजे तेजाचं माप (आकडा मोठा तितकी वस्तू मंद), सुमारे ९.३. हा आकडा फसवा आहे. ९.३ प्रतीचा तारा आपला सगळा उजेड एका टोकावर ठेवतो, तारकागुच्छ तोच उजेड पसरून टाकतो, त्यामुळे त्याच प्रतीच्या ताऱ्यापेक्षा तो दिसायला अवघड असतो. शिवाय हा आहे तीस ते पस्तीस हजार प्रकाशवर्षांवर. आपल्याकडच्या बहुतेक गोलाकार गुच्छांची गर्दी धनू-वृश्चिकाकडे, आकाशगंगेच्या केंद्राभोवती असते. हा त्या गर्दीपासून दूर, केंद्राकडे पाठ करून उभा.

याची जन्मकथा माझ्या धंद्याला शोभेशी आहे. जेम्स डनलॉपने १८२६ साली ऑस्ट्रेलियातल्या पॅरामाट्टाहून ९ इंची परावर्ती दुर्बिणीने तो टिपला. १८२८मध्ये डनलॉपची दक्षिण आकाशाची यादी छापून आली: ६२९ नोंदी, आणि त्याबद्दल लंडनच्या खगोल संस्थेचं सुवर्णपदक. पुढे जॉन हर्शेल १८३४ ते १८३८ या काळात केप ऑफ गुड होपला जास्त मोठी दुर्बीण घेऊन बसला आणि ती यादी पडताळू लागला. त्याला ओळखता आल्या जेमतेम २११. उरलेल्यांपैकी कित्येक नोंदी साधे जुळे तारे किंवा विरळ ताऱ्यांचे पुंजके असाव्यात असं मानलं जातं. एवढ्या चुकांचं प्रूफ माझ्या टेबलावर आलं असतं तर लाल शाईची बाटली संपली असती. पण रात्री एकट्याने दुर्बिणीला डोळा लावून बसल्यावर डनलॉपची दया येते. आपलंही तेच होतं. माझं झालंच.

आधी पत्ता. व्याधाच्या खाली बृहल्लुब्धकाचा त्रिकोण आहे, त्यातला सर्वांत तेजस्वी तारा अधारा. उत्तर गोलार्धातून दक्षिणेला तोंड करून पाहिलं तर अधाराच्या खाली, जरा उजवीकडे, चार अंशांवर कॅपा कॅनिस मेजॉरिस हा साध्या डोळ्यांना दिसणारा तारा आहे. आणि कॅपाच्या जवळजवळ बरोबर दक्षिणेला साडेतीन अंशांवर आमचा ठिपका. या दुर्बिणीचं दृश्यक्षेत्र, म्हणजे एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडा, ४.४ अंशांचं. म्हणजे कॅपाला वरच्या कडेला ठेवलं की ठिपका खालच्या कडेच्या आत यायला हवा. कागदावर इतकं सोपं.

पहिल्या रात्री दोन मिनिटांत सापडला. खालच्या कडेशी, केसाळ, पुसट, हुबेहूब वर्णनाबरहुकूम. वहीत वेळ लिहिली, चित्र काढलं, आनंदाने धाकट्या भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, मधे आणून बघितलंस का?" मी म्हटलं, त्यात काय बघायचं. तरी दुर्बीण थोडी खाली झुकवली. ठिपका जसजसा मध्याकडे सरकला तसतसा आकसत गेला आणि मधोमध आल्यावर टाचणीच्या टोकाएवढा स्वच्छ तारा होऊन बसला.

या दुर्बिणीचा खरा दोष हाच, आणि खोक्यावर तो लिहिलेला नाही. मधला साधारण दोन-तृतीयांश भाग सुरेख आहे. तिथे तारे टोकदार, आकाश काळं. त्याच्या बाहेर प्रत्येक तारा पंख फुटल्यासारखा पसरतो. नुसतं ताऱ्यांच्या गर्दीत फिरायचं असेल तर हे खपून जातं, डोळा आपोआप मध्यावर राहतो. पण पुसट तारकागुच्छ ओळखायचा असेल तर ही दुर्बीण कडेकडेने खोटे गुच्छ छापत असते. डझनभर. मोठ्या ताऱ्याला एका कडेला ठेवून दुसऱ्या कडेला शोधायचं, ही सगळ्यांना शिकवली जाणारी युक्ती, आणि या दुर्बिणीत तीच सर्वांत घातक. तेव्हापासून माझा नियम ठरला: मधे आणल्याशिवाय वहीत नोंद नाही.

दुसऱ्या रात्री ढग. तिसऱ्या रात्री कॅपापासून सरळ खाली उतरले आणि मध्यावर काहीच नाही. चौथ्या रात्रीही नाही. पाचव्या रात्री डाव्या डोळ्याला सगळं आकाशच गुच्छमय दिसायला लागलं. भिंगावर माझ्या श्वासाची वाफ धरली होती. ती पुसली, आकाश परत स्वच्छ, ठिपका गायब तो गायबच. एव्हाना मला वाटायला लागलं होतं की ६३ मिलिमीटरचा हा दोष आहे, हरवलेल्या पाचव्या हिश्श्यातच माझा गुच्छ बसलेला आहे. दुर्बिणीला नावं ठेवत झोपले.

चूक माझी होती. मी रात्री उशिरा बाहेर पडत होते, कॅपा मध्यान्हरेषा (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडून दोन तास झाल्यावर. "दक्षिण" म्हणजे "खाली" हे फक्त तारा मध्यान्हरेषेवर असतानाच खरं असतं. तो पश्चिमेकडे कलला की सगळं चित्र कलतं, आणि आकाशातली दक्षिण खाली-डावीकडे वळते. २० अंश उत्तर अक्षांशावर, दोन तासांनी, हा कल ३३ अंशांच्या आसपास भरतो. साडेतीन अंशांच्या उडीत त्यामुळे जवळजवळ दोन अंशांची चूक पडते. मी रोज चुकीच्या घराची कडी वाजवत होते. हे मला स्टेलॅरियम या मोफत संगणक-नकाशावर कळलं. त्यात आपल्या दुर्बिणीच्या दृश्यक्षेत्राएवढं वर्तुळ आकाशावर ठेवता येतं आणि घड्याळ पुढे-मागे करता येतं. घड्याळ फिरवलं तसं चित्र माझ्यासमोर वाकडं झालं. मी ते बघितलं आणि दुर्बिणीची मनातल्या मनात माफी मागितली.

पुढच्या अमावास्येला, गावाबाहेरच्या माळावर. भाऊ बरोबर होता. अर्धा तास कुणी मोबाइल उघडायचा नाही असं ठरवलं, कारण डोळा अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या पडद्याने ती सगळी वाया जातात. वेळ घालवायला सोपी गिऱ्हाइकं घेतली. व्याधाच्या चार अंश खाली एम ४१ हा विरळ तारकागुच्छ: या दुर्बिणीत भरगच्च, तारे वेगवेगळे मोजता येतात. मग शशक तारकासमूहातला एम ७९, पाचव्या प्रतीच्या एका ताऱ्याजवळचा गोलाकार गुच्छ: लहान, गोल, मधे उजळ, सरळ नजरेला दिसणारा. मुद्दाम तो दोन मिनिटं बघत राहिले. गोलाकार गुच्छ दुर्बिणीत कसा "लागतो" हे डोळ्याला एकदा कळलं की पुढचं पुसट अक्षर वाचायला सोपं जातं.

मग अधारा, कॅपा, आणि आधी नकाशावर पाठ केलेला कल लक्षात ठेवून खाली. दुर्बीण मध्यावर थांबवली. काही नाही. नजर जरा बाजूला नेली, जिथे बघायचं त्याच्या किंचित वर, कारण मंद उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्याबाहेर जास्त असतात. आणि आला. एखाद्या ताऱ्यावर कुणी बोट फिरवावं तसा. सरळ बघितलं की विझायचा, बाजूला बघितलं की परत यायचा. ट्रायपॉडच्या पायाला टिचकी मारली, चित्र थरथरलं आणि तो थरथरीत जास्त स्पष्ट झाला. हलणारी पुसट गोष्ट डोळ्याला चटकन जाणवते, ही जुनी युक्ती इथे छान चालते. तो मधे होता आणि मधे असूनही आकसत नव्हता. शेजारचे तारे टोकदार, हाच तेवढा मऊ.

तरी माझी खात्री नव्हती. एकाच माणसाने दोनदा वाचलेलं प्रूफ हे एकदाच वाचलेलं असतं. भावाला काहीही न सांगता दुर्बीण मुद्दाम थोडी सरकवून ठेवली आणि म्हटलं, "बघ बरं, यात काही वेगळं आहे का?" तो तीन-चार मिनिटं गप्प. मग म्हणाला, "मधल्या ताऱ्यांच्या त्रिकोणाच्या जरा डावीकडे काहीतरी फिकट आहे. तारा नाही वाटत. तू तिथेच बघत होतीस का?" तिथेच. दोघांनी वेगवेगळी चित्रं काढली, एकमेकांना न दाखवता. घरी येऊन नकाशावर ठेवली. माझ्या चित्रातला एक तारा चुकीच्या जागी होता, त्याच्या चित्रात दोन कमी होते, पण पुसट खूण दोन्हींत एकाच ठिकाणी पडली होती, आणि नकाशावर त्याच ठिकाणी एनजीसी २२९८. दुसऱ्या रात्री पुन्हा बघितला. हलला नव्हता, म्हणजे धूमकेतूही नाही.

आता ट्रायपॉडबद्दल, कारण त्याच्याशिवाय यातलं काही झालं नसतं. दुर्बिणीचं वजन दीड किलोच्या आतबाहेर. १५ पट विस्तार हातात धरून होत नाही. नाडीचा ठोकासुद्धा ताऱ्यांना नाचवतो. बरोबर आलेला एल आकाराचा प्लास्टिकचा अडॅप्टर मात्र फेकून द्यायच्या लायकीचा आहे. दुर्बीण बसवली की तो मान टाकतो, आणि नेमकं जे मधे आणलेलं असतं ते हळूहळू वर निसटतं. दहा मिनिटं मी समजत होते की आकाश फिरतंय. धातूचा वेगळा घेतला, प्रश्न मिटला. दुर्बीण म्हणून हिला गुण देताना हा खर्च धरूनच द्यावे लागतील.

डोक्यावरचं आकाश बघायला ट्रायपॉड कुचकामी. मान मोडते आणि तिवईचे पाय गुडघ्यात शिरतात. दक्षिणेकडच्या खालच्या वस्तूंना मात्र हीच जोडी अगदी बरोबर बसते. २० अंश उत्तर अक्षांशावरून हा गुच्छ जास्तीत जास्त ३४ अंश वर येतो, म्हणजे खुर्चीत बसून, पाठ टेकवून बघता येतो. आणखी उत्तरेला गेलात तर तेवढ्याच अंशांनी तो खाली जाईल आणि हवेचा थर जाड होत जाईल. ३४ अंशांवर डोक्यावरच्या पावणेदोन पट हवेतून बघावं लागतं, १० अंशांवर साडेपाच पटींहून जास्त. तिथे या दुर्बिणीकडून ९.३ प्रतीची अपेक्षा करू नये.

चष्म्याचं सांगते, कारण माझ्यासारखे बरेच असतील. नुसता लांबचा-जवळचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस जुळवता येतो. माझ्या डोळ्यात तिरका नंबर आहे, तो फोकसने जात नाही, तारे रेघेसारखे दिसतात. चष्मा घालूनच बघावं लागतं. रबरी कप दुमडले की दृश्यक्षेत्र जवळजवळ सगळं दिसतं, अगदी कडेची किनार जाते. त्या किनारीत बघण्यासारखं काही नसतं हे वर लिहिलंच आहे.

पंधरा दिवसांपूर्वी ओळखीच्या एकांची ८ इंची दुर्बीण बघायला मिळाली. तिच्यातून एनजीसी २२९८ गोल, भरीव, कडेला दाणेदार दिसला. दोन-तीन ठिणग्या चमकून गेल्यासारखं वाटलं, शपथेवर सांगणार नाही. पण तिचं दृश्यक्षेत्र अंशाहूनही लहान, आणि मालक वीस मिनिटं कॅपाच्या खाली चाचपडत होते. शेवटी मी माझी १५×७० शेजारी उभी केली, गुच्छ मधे आणला आणि त्यांना म्हटलं, "आधी यातून बघा, कुठल्या त्रिकोणाच्या डावीकडे आहे ते." त्यांनी बघितलं, कडेकडेचे पंख फुटलेले तारे बघून नाक मुरडलं, आणि मग पाच मिनिटांत त्यांच्या दुर्बिणीत तो आणून दाखवला.